बाताल्याचा मठ आणि चौलची सातखणी

तिसगावहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावर, करंजीचा घाट ओलांडल्यानंतर, शहा डोंगराच्या माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी वास्तू दुरूनच नजरेत भरते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती निजामशाहीचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. आपल्या परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांनी एसटीच्या खिडकीतून ती कितीदा पाहिली असेल, याची मोजदाद नाही. परंतु हा वजीर ज्या मुर्तझा निजामशहाच्या पदरी होता, त्याच मुर्तझाने १५७०-७१ साली कोकणातील चौल बंदराला वेढा घातला, आणि त्या वेढ्यात ख्रिस्ती व्रतस्थांच्या मठाभोवतीही तोफा डागल्या गेल्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानी असते. नगरचा इतिहास आणि पोर्तुगीज मठांचा इतिहास हे एकमेकांपासून दूर वाहणारे दोन प्रवाह नाहीत. ते चौलला एकत्र येतात.

या लेखात आम्ही एका जुन्या सचित्र ग्रंथाच्या निमित्ताने त्या संगमाकडे पाहणार आहोत. ग्रंथ आहे पोर्तुगालमधील बाताल्या येथील मध्ययुगीन मठाविषयी. त्याच्या जोडीला आपल्याच भूमीवर निपजलेला दुसरा एक ग्रंथ ठेवावयाचा आहे. दोहोंचा विचार केल्यावर जो प्रश्न उरतो तो मात्र पोर्तुगालचा नाही, चौलचाही नाही. तो आपल्या धर्मग्रामांचा आहे.

नवसाचा मठ

१४ ऑगस्ट १३८५ रोजी पोर्तुगालमधील अल्जुबारोटा येथे पोर्तुगीज आणि कॅस्टिलियन सैन्यांची गाठ पडली. पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव याचे सैन्य संख्येने बरेच कमी होते. जय मिळाल्यास पवित्र मरियेच्या नावाने मठ बांधीन, असा नवस त्याने केला. जय मिळाला, आणि रणक्षेत्रापासून जवळच 'विजयाची पवित्र मरिया' या नावाचा मठ उभा राहू लागला. लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव 'बाताल्या' असेच रूढ झाले. बाताल्या म्हणजे लढाई. मठ डॉमिनिकन व्रतस्थांच्या स्वाधीन करण्यात आला.

काम शतकाहून अधिक काळ चालले. पहिला स्थपती आफोन्सो दोमिंगिश. त्याच्यानंतर, १४०२ च्या सुमारास, ह्युगेत नावाच्या स्थपतीने सूत्रे हाती घेतली. मंदिराची लांबी सुमारे ८० मीटर आणि उंची सुमारे ३२ मीटर. रुंदी मात्र त्या मानाने बेताची, अवघी २२ मीटर. त्यामुळे आत पाऊल टाकणाऱ्याची दृष्टी आपोआप वर जाते. मठवासीयांच्या सभेचे दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे १९ मीटरची आहे. एवढ्या विस्तीर्ण छताला मध्ये एकही खांब नाही. या छताविषयी अशी दंतकथा सांगतात की, बांधताना ते कोसळले म्हणून पुढे मृत्युदंडाच्या कैद्यांकडून काम करवून घेतले, आणि आधाराच्या लाकडी फळ्या काढल्या तेव्हा स्थपती स्वतः त्याखाली जाऊन बसला. कथा खरी असो वा नसो. आपल्या कामाखाली स्वतः बसण्याची तयारी असणे ही बांधकाम करणाऱ्याची सर्वांत मोठी शपथ होय, असे तिला सुचवावयाचे आहे.

राजा जुआंव आणि त्याची इंग्लिश राणी फिलिपा यांची कबर याच मठात आहे. त्यांचा पुत्र राजपुत्र हेन्री, ज्याच्या प्रोत्साहनाने पोर्तुगीज गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागली, तोही तेथेच विसावला आहे. त्या सागरी वाटेचे पुढचे टोक म्हणजे १४९८ साली वास्को द गामाचे कालिकतला येणे. म्हणून बाताल्या आपल्यापासून जितके दूर वाटते तितके नाही. ज्या घराण्याने हा मठ उभारला, त्याच घराण्याने कोकणचा किनारा युरोपशी जोडणाऱ्या प्रवासाचा आरंभ केला.

गवंड्याने काढलेली चित्रे

या मठाची कीर्ती युरोपभर पसरविण्याचे श्रेय एका आयरिश माणसाकडे जाते. जेम्स मर्फी हा आयर्लंडमधील कॉर्कजवळ १७६० साली जन्मला. तारुण्यात तो विटांचे गवंडीकाम करी. हातात चित्रकलेचे कसब असल्यामुळे तो डब्लिनला जाऊन वास्तुविद्या शिकला. विल्यम बर्टन कॉनिंगहॅम नावाच्या रसिक धनिकाने त्याला आश्रय दिला आणि बाताल्याचे मोजमाप करून आणण्यासाठी पोर्तुगालला पाठविले. १७८८ च्या अखेरीस मर्फी निघाला. मठात राहून, मठवासीयांच्या साहाय्याने, त्याने भिंती, कमानी, खिडक्यांतील दगडी जाळी यांची मापे घेतली. १७९५ साली लंडनमध्ये त्याचा मोठ्या आकाराचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात बाताल्याचे आराखडे, उभे छेद आणि दृश्ये होती. सतराव्या शतकातील डॉमिनिकन व्रतस्थ लुईश द सोझा यांनी लिहिलेल्या मठवर्णनाचा अनुवादही त्याने सोबत जोडला. प्रारंभी टोकदार कमानीच्या वास्तुशैलीची तत्त्वे सांगणारा एक निबंध होता.

आजच्या वाचकाला अशा ग्रंथामागील श्रमांची कल्पना येणे कठीण. मोजपट्टी घेऊन पाहाडावर चढायचे, मापे वहीत टिपायची, त्यावरून चित्र रेखायचे. मग कोरक्याने ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरायचे. कोरलेल्या रेषांत शाई भरून पत्रा पुसून काढायचा, त्यावर ओलसर कागद ठेवून यंत्राच्या दाबाखाली सरकवायचा, तेव्हा एक छाप उमटे. पत्र्याच्या कडांचा दाब कागदावर कायमचा राही. जुन्या चित्रांभोवती बोटाला जाणवणारी जी चौकट असते ती हीच. एका वास्तूसाठी एवढा खटाटोप करावयाचा, म्हणजे ती वास्तू नष्ट होऊ शकते ही जाणीव कोठेतरी असलीच पाहिजे.

ती जाणीव रास्त ठरली. १७५५ च्या भूकंपाचा तडाखा मठाला अगोदरच बसला होता. ग्रंथ निघाल्यावर पंधरा-सोळा वर्षांतच, १८१०-११ मध्ये, नेपोलियनच्या सैन्याने मठाची लूट व जाळपोळ केली. त्यात मठाच्या अंगणांपैकी एक कायमचे गेले. १८३४ साली पोर्तुगालमध्ये सर्व व्रतस्थ संघ विसर्जित करण्यात आले. डॉमिनिकन निघून गेले आणि साडेचारशे वर्षांची प्रार्थना थांबली. १८४० पासून जेव्हा जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हा तो करणाऱ्यांच्या समोर मर्फीची चित्रे होती. आज बाताल्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १९८३ साली त्याचा समावेश झाला.

मर्फीच्या ग्रंथाचा एक दोषही सांगितला पाहिजे. काही ठिकाणी त्याने वास्तू जशी होती तशी नव्हे, तर आपल्या मते जशी असावयास हवी होती तशी रेखाटली. सौंदर्याच्या ओढीने त्याने वास्तवाला थोडा रंग दिला. पण दोष मान्य करूनही एवढे खरे की, त्याने मापे घेतली नसती तर पुढच्यांच्या हाती फारच थोडे लागले असते.

टोकदार कमान कोठून आली, यावर त्या काळी युरोपात मोठा वाद चालला होता. काहींच्या मते ती इस्लामी देशांतून आली, मर्फीला तिच्या मुळाशी पिरॅमिडचा आकार दिसत होता. नगरकरांना या वादाची गंमत विशेष वाटावी. सोळाव्या शतकात बांधलेली दमडी मशीद, फरहबाग, भुईकोट किल्ला, आणि तिसगावच्या वाटेवरील ती सलाबतखानाची कबर. या सर्वांच्या कमानी टोकदारच आहेत. बाताल्याच्या कमानी पाहून आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या डोळ्यांना ते वळण बालपणापासून परिचित आहे.

आपल्या किनाऱ्यावरील मठ

बाताल्याच्या उत्तरकाळात पोर्तुगालमध्ये जी अलंकारप्रचुर शैली फुलली, तिला राजा मान्युएलच्या नावाने ओळखतात. दोरखंडासारखी पीळ दिलेली दगडी नक्षी ही तिची खूण. तिचे काही धागे थेट गोव्यापर्यंत आले. जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस असिसीच्या मंदिराचे दार आणि टेकडीवरील रोझरी मातेचे मंदिर येथे त्या शैलीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पुढे मात्र युरोपातील अभिरुची बदलली आणि आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक मंदिरे नव्या, रोमन वळणाच्या शैलीत उभी राहिली.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. मग एकामागून एक संघ तेथे आले. फ्रान्सिस्कन आले, त्यांच्यात आंतोनियो द पोर्तो हे अग्रणी होते. १५४८ साली संत फ्रान्सिस झेवियर वसईत येऊन गेले आणि येशूसंघीयांचे कार्य सुरू झाले. १५८३ साली डॉमिनिकनांचा मठ झाला. बाताल्यात राहणाऱ्या व्रतस्थांचाच हा संघ. पुढे ऑगस्टिनियनही आले. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू होऊन जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. या मठांच्या छायेत वाढलेला आपल्या मातीतला पहिला संत तो हाच.

चौलची कथा नगरशी अधिक निगडित आहे. चौल हे निजामशाहीचे बंदर. अरबी घोडे तेथे उतरत आणि घाट चढून देशावर येत. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी तेथे किल्ला बांधावयास घेतला. याच बुऱ्हाणच्या दरबारी पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांचे जाणे-येणे होते. १५६३ साली गोव्यात छापलेला त्यांचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ युरोपभर वाचला गेला. म्हणजे नगर आणि पोर्तुगीज यांच्यात आरंभी व्यापार होता, सोयरीक नसली तरी सलोखा होता. पुढे वितुष्ट आले. मुर्तझाने विजापूरकरांशी संगनमत केले; विजापूरकर गोव्यावर गेले, मुर्तझा चौलवर. वेढा महिनोन् महिने चालला. शहराच्या कडेला असलेल्या फ्रान्सिस्कन मठासाठीही झुंज झाली. अखेर १५७१ च्या पावसाळ्यात तह होऊन वेढा उठला. १५९४ साली खाडीपलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावर निजामशाहीने बांधलेली गढी पोर्तुगीजांनी जिंकली.

आज रेवदंड्याच्या किल्ल्यात नारळी-पोफळीच्या बागांमधून एक उंच, चौकोनी मनोरा उभा आहे. तो फ्रान्सिस्कनांच्या संत बार्बारा मंदिराचा. गावकरी त्याला 'सातखणी' म्हणतात. एके काळी त्याला सात मजले होते. आज काही खणच उरले आहेत. संत, संघ, शतक हे सारे विसरून लोकांनी फक्त त्याचे खण मोजले आणि तेच त्याचे नाव झाले. कोर्लई गावात मात्र एक जिवंत अवशेष आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबे आजही आपसांत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची बोली', असे म्हणतात.

हडफड्याच्या डॉक्टरांचा ग्रंथ

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पुढच्याच वर्षी चौलही मराठ्यांकडे आले. व्रतस्थ गेले, छपरे कोसळली, भिंतींतून वड-पिंपळ उगवले. वसईच्या तहात राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा होती आणि ती रयत आपल्या श्रद्धेसह तेथेच राहिली, हे विसरता कामा नये. परंतु किल्ल्यातील मठ ओस पडले ते पडलेच. गोव्यात अशीच वेळ १८३५ साली संघ विसर्जित झाल्यावर आली. संत ऑगस्टीनच्या भव्य मंदिराचे छत १८४२ साली कोसळले, दर्शनी भाग १९३१ साली ढासळला, आणि आता ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा केवळ अर्धा भाग आकाशात उभा आहे.

कोकणातील या अवशेषांची लेखी व चित्रमय नोंद कोणी केली? ती एका गोमंतकीय कॅथोलिक डॉक्टरने केली. जुझे गेर्सन द कुन्हा यांचा जन्म १८४४ साली गोव्यातील हडफडे येथे झाला. मुंबईत वैद्यकी करीत करीत त्यांनी नाणी, शिलालेख, जुनी कागदपत्रे यांचा व्यासंग केला. १८७६ साली मुंबईत चौल व वसईच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात १७ छायाचित्रे, ९ शिळाछाप चित्रे आणि एक नकाशा होता. त्या काळी छायाचित्रे शाईने छापण्याची सोय रुळलेली नव्हती. प्रत्यक्ष छायाचित्राच्या प्रतीच पानांवर चिकटविण्याची पद्धत होती. कुन्हांनी पडक्या मंदिरांत हिंडून कबरींवरील आणि भिंतींवरील लेख उतरवून घेतले. त्यांतील संत जोसेफ मंदिराच्या १६०१ मधील पुनर्बांधणीसारख्या घटना आज आपल्याला ठाऊक आहेत, याचे पुष्कळसे श्रेय अशा परिश्रमांना आहे.

कुन्हांची दृष्टी किती व्यापक होती, हे पुढच्याच वर्षी दिसून आले. १८७७ साली त्यांनी स्कंदपुराणातील 'सह्याद्रिखंड' हा संस्कृत ग्रंथ संपादून छापला. पडक्या मठाचा लेख आणि पुराणाची पोथी, दोन्ही त्यांनी सारख्याच आदराने हाताळल्या. आपला वारसा एकाच कप्प्यात ठेवता येत नाही, हे या कॅथोलिक डॉक्टरला सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी उमगले होते.

हा वारसा कोणाचा?

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नगर जिल्ह्यातील आपण ख्रिस्ती लोक वसई-चौलच्या त्या मठांचे वारस आहोत काय?

रक्ताने पाहिले तर नाही. पोर्तुगीज सत्ता आपल्या पठारावर कधी आली नाही. आपल्या भागात शुभवार्ता आली ती एकोणिसाव्या शतकात. प्रथम अमेरिकन मिशनऱ्यांकडून, ज्यांनी १८३१ साली नगरला ठाणे केले, आणि नंतर शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीयांकडून. ज्यांनी ती स्वीकारली ते बहुसंख्य गावकुसाबाहेरचे लोक होते. त्यांना कोणी किल्ल्याच्या आत बोलाविले नव्हते, आणि कोणत्याही राजाने त्यांच्यासाठी मठ बांधण्याचा नवस केला नव्हता.

शिवाय त्या दगडांना एक काळी बाजूही आहे. बोरिवलीजवळील मंडपेश्वराचे शैवलेणे सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी ताब्यात घेऊन त्याचे मंदिर केले आणि वरच्या अंगाला आपला मठ बांधला. गोवा व उत्तर कोकण येथे अनेक देवालये सत्तेच्या बळावर पाडली गेली. पुढे वसई पडल्यावर पोर्तुगीज मंदिरांतील घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्हे म्हणून देशावर आणल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात १७२१ साल कोरलेली अशी घंटा आहे. भीमाशंकरला १७२९ ची आहे, वाईजवळ मेणवलीला १७०७ ची. परंपरा असे सांगते की, वसई मिळावी म्हणून चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता आणि जय मिळाल्यावर देवीचे मंदिर बांधविले. अल्जुबारोटाच्या राजाची आणि वसईच्या विजेत्याची गोष्ट किती सारखी आहे! दोघांनी दोन भिन्न नावांनी साकडे घातले, दोघांनी विजयाचे दगड रचले. विजेत्यांचे नवस असे एकसारखे असतात. पराभूतांच्या प्रार्थनेचे मात्र कोठे मंदिर होत नाही.

मग आपला त्या मठांशी संबंध कोणता? आमच्या मते तो तीन वाटांनी येतो. पहिली वाट श्रद्धेची: ज्या मिस्साबलिदानासाठी त्या वेद्या बांधल्या होत्या, तेच मिस्साबलिदान आज आपल्या वेदीवर होते. गोन्सालो गार्सियांना संत म्हणून हाक मारताना आपण वंशावळ तपासत नाही. दुसरी वाट भाषेची. इंग्लंडातून गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ज्या मराठीत आपण प्रार्थना करतो, तिचे ख्रिस्ती वळण त्या महाकाव्यापाशी सुरू होते. आणि तिसरी वाट कामकऱ्यांची. पाद्री, क्रूस हे शब्द पोर्तुगीज आहेत, हे पुष्कळांना माहीत असते. पण चावी, बिजागरी आणि घमेले हेही तिकडूनच आलेले शब्द आहेत. तिसगावच्या एखाद्या बांधकामावर बाई घमेले डोक्यावर घेते, सुतार दाराला बिजागरी ठोकतो, तेव्हा चौल-वसईच्या गवंड्यांचा शब्द त्यांच्या तोंडी असतो. मठाधिपतींची आज्ञापत्रे लुप्त झाली. हाताने काम करणाऱ्यांचे शब्द घाट चढून वर आले आणि टिकले. ते मठ ज्यांनी प्रत्यक्ष रचले, ते पाथरवट आणि चुना मळणारे मजूर याच भूमीतले होते. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. वारसा सांगावयाचाच असेल तर आपण त्यांचा सांगावा. तो सांगताना मान खाली घालावी लागत नाही.

आपल्या भिंतींची नोंद

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्यासाठी हा सारा प्रपंच. बाताल्याला मर्फी मिळाला, वसई-चौलला कुन्हा मिळाले. आपल्या खेड्यापाड्यांतील प्रार्थनामंदिरांना कोण मिळाले?

आपल्या जिल्ह्याला लेखनाची परंपरा नाही असे नाही. १९०३ साली राहुरीजवळील केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन धर्मगुरूंना देश सोडावा लागला, तरी त्यांनी लावलेले रोप जगले. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि नगर जिल्ह्यातील धर्मग्रामे त्याच्या छत्राखाली आली. नोंदवह्यांत बाप्तिस्मे आहेत, विवाह आहेत, दफने आहेत. नाही ती इमारतींची नोंद.

मिशनकाळातील लहानशी प्रार्थनाघरे काळ्या दगडाची किंवा मातीची असत, वर कौले वा पत्रा असे. तेच सकाळी शाळा होई, रविवारी मंदिर होई. आता त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब पडत आहेत. ते पडू नयेत असे आम्ही म्हणत नाही. कुटुंबे वाढली, गळणाऱ्या छपराखाली मिस्सा किती काळ ऐकावी? मोठे मंदिर हवे ही मागणी रास्त आहे, आणि घामाच्या पैशातून लोक ते उभारत आहेत. मात्र जुनी भिंत पाडण्यापूर्वी तिचे माप कोणी घेतो काय? दार कोणत्या दिशेला होते, वेदी कोठे होती, तुळई कोणत्या लाकडाची, दगड कोणत्या खाणीतला, गवंडी कोणत्या गावचा, हे कोणी लिहून ठेवतो काय? भिंत एका दिवसात पडते. ज्या वृद्धांना हे ठाऊक आहे, तेही एकेक करून निघून जात आहेत. दोन्ही गेल्यावर उरेल तो फक्त कोनशिलेवरचा नवा दिनांक, जणू त्या तारखेपूर्वी येथे कोणी प्रार्थनाच केली नव्हती.

ज्यांच्या आजा-पणज्यांना गावाने नोंदीत धरले नाही, त्या समाजाने आपल्या पहिल्या मंदिराची नोंद न ठेवावी, यापरते दुसरे नुकसान नाही. राजांचे मठ मोडले तरी राजांचा इतिहास राहतो. दहा जण मिळून लिहितात. गरिबाचे देऊळ मोडले आणि नोंद नसली, की ते कधी नव्हतेच असे होते.

या कामाला तांब्याचा पत्रा नको, धनिकाचा आश्रय नको. एक मोजपट्टी, चौकटीचा कागद, पेन्सिल आणि छायाचित्र काढण्याचे साधन एवढे पुरे. ते साधन तर आता घरोघरी खिशात आहे. प्रत्येक धर्मग्रामातील युवकांनी दोन रविवार द्यावेत. एक रविवार मापांसाठी: लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, खिडक्यांची संख्या. दुसरा रविवार वडीलधाऱ्यांसाठी: त्यांच्यापाशी बसून विचारावे की दगड कोणी वाहिला, पाणी कोणत्या विहिरीचे आणले, पहिली मिस्सा कोणी केली, त्या दिवशी कोण कोण होते. मर्फीने केलेली गोष्ट मात्र आपण टाळावी; भिंत वाकडी असेल तर ती वाकडीच काढावी. छप्पर पत्र्याचे असेल तर ते पत्र्याचेच लिहावे. आपल्या पूर्वजांना त्या पत्र्याची लाज नव्हती. त्याखाली ते गुडघे टेकीत होते.

ही पाने दोन प्रतींत करावीत. एक धर्मग्रामाच्या नोंदवह्यांच्या कपाटात ठेवावी, दुसरी धर्मप्रांताच्या कार्यालयात. हे झाल्यावर नव्या मंदिराचा पाया खुशाल खणावा. आणि खणताना जो गवंडी पहिले घमेले उचलील, त्याचेही नाव त्या पानाच्या शेवटी लिहावे. सातखणीच्या गवंड्यांच्या बाबतीत ते राहून गेले आहे.